साडूच्या गाडीचा ब्रेक

३ मार्च, रविवार
साडूकडे जेवायला गेलो होतो. जेवण बरं होतं. नंतर त्याने जुन्या गाडीतून एक चक्कर मारून आणली. आमच्यासारखीच गाडी. तेच मॉडेल, रंगसुद्धा तोच. आमची मूळची सासऱ्यांची. त्यांनी चालवणं सोडलं तेव्हा दोन जावयांतून मला दिली. वर्षभरात साडूने तश्शीच शोधून विकत घेतली. याला काय म्हणतात ते लिहीत नाही.
कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं. साडूने ब्रेक दाबला. गाडी सरळ, न कुरकुरता, जागच्या जागी उभी. कुत्र्यानेसुद्धा वळून पाहिलं.
घरी येताना ही म्हणाली, भाऊजींची गाडी कशी पटकन थांबते, नाही? आपली विचार करून थांबते.
मी तेव्हाच ब्रेकवर पाय ठेवला. सिग्नल जवळ आला होता.

४ मार्च
ऑफिसात विचार केला. साडूने गुपचूप पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवलेत, दुसरं काही असूच शकत नाही. विचारणार नाही. विचारलं तर सांगेल, आणि वर समजावून सांगेल.
आपणही बसवायचे. आपल्या गाडीला ड्रम, म्हणजे चाकातला डबा, त्याला शू नावाच्या पट्ट्या आतून दाबतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला चिमट्यात धरणारा कॅलिपर. यात अवघड काय? किट ऑर्डर केलं.
३१ तारखेला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हॉलवर त्यांना आपल्या गाडीतून न्यायचं. दारात सगळे उभे असताना अलगद ब्रेक. साडू पहिल्या रांगेत हवा.

९ मार्च
डावा ड्रम निघेना. सकाळभर हातोडी. शेजारच्या आजोबांनी बाल्कनीतून विचारलं, भिंत पाडताय का? दुपारी कळलं की आतले शू आधी सैल करायचे असतात. मग हाताने निघाला. हातोडीने पाया तयार झाला होता, हे कोणी लक्षात घेत नाही.

१० मार्च
सासऱ्यांचा फोन. हिने सांगितलंच त्यांना. म्हणाले, कशाला? त्या ड्रमने मला एकदाही दगा दिला नाही. म्हटलं, बाबा, जमाना बदलला. मग म्हणाले, तुमच्या साडूंना विचारून घ्या.
आज काम केलं नाही. मूड नव्हता.

१६ मार्च
दोन्ही कॅलिपर बसले! चकत्या आरशासारख्या. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. हिच्या ताईने विचारलं, हे काय आहे? साडूचा नुसता अंगठा. जळतोय.

१७ मार्च, सकाळ
साडूचा फोन. अहो, तुमचे जुने ड्रम टाकणार असाल तर मला द्याल का? माझ्या गाडीचा एक जरा घासलाय.
म्हटलं, तुमच्याकडे ड्रम?
म्हणाला, हो, मूळचेच. मध्ये उघडून साफ केले, शू सेट केले. मस्त लागतात.
पाच मिनिटं स्टुलावर बसून होतो.

१७ मार्च, दुपार
यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट आनंदाचीच गोष्ट आहे. त्याच्याकडे डिस्क नाहीत, माझ्याकडे आहेत. म्हणजे मी त्याच्या मागे नव्हतोच, पुढे होतो. फक्त मला माहीत नव्हतं.
ड्रम देऊन टाकले, शूसकट. ही म्हणत होती, राहू द्या, आपलं काम पूर्ण होऊ द्या आधी. तिला समजावलं, मोठ्या मनाने द्यायचं असतं. साडू ड्रम छातीशी धरून गेला. पाहून फार बरं वाटलं.

२३ मार्च
ब्रेकच्या पाइपातली हवा काढणे. याला दोन माणसं लागतात. ही आत पेडलवर, मी चाकापाशी. दाब. सोड. दाब म्हटलं की सोड नाही, दाबच. ती म्हणाली, माझ्याशी या आवाजात बोलायचं नाही. अर्धा तास पेडलवर कोणी नव्हतं.
नंतर पुन्हा. ऑइल संपत आलं, पण पेडल उशीसारखं मऊ. ही उतरून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, हवा वर जाते ना? मग तिला बाहेर काढायचं तोंड खाली का आहे?
तिला सांगितलं, ते डिझाइनच तसं आहे.

२४ मार्च
किटवाल्यांना फोन केला. डिझाइन तसं नाही. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. मी बॉनेटसमोर उभा राहून डावं-उजवं ठरवलं होतं. त्यांनी सीटवर बसून ठरवायला सांगितलं. छापायला नको होतं?
अदलाबदल करायला घेतली. किटमधल्या पाइपाचा नट फिरेना. जोर लावला. नट फिरला, पण पाइपही पिळला आणि तुटला.
हिने न मागता चहा आणून दिला. तेच लागलं.

२६ मार्च
किटचा नवा पाइप पुढच्या महिन्यात येईल. जुना पाइप फक्त ड्रमलाच लागतो. पर्याय एकच, जुने ड्रम परत बसवणे. ही म्हणाली, मग मागा ना भाऊजींकडे. मी फोन हातात घेतला आणि हवामान पाहिलं.
ती म्हणाली, मी मागू? म्हटलं, खबरदार.

२९ मार्च
तिने मागितले. साडूने ते केव्हाच बसवले. स्वतःचे जुने भंगारात गेले. म्हणाला, अहो, काय ड्रम आहेत! सोन्यासारखे! आणि काळजी करू नका, सगळे माझ्याच गाडीतून जाऊ. इतकं प्रेमाने म्हणाला, की संध्याकाळी जेवण गेलं नाही.

३१ मार्च, रविवार
साडूच्या गाडीतून गेलो. पुढे सासरे. मागे ताई, ही, आणि मधे मी, गुडघे हनुवटीला.
हॉलच्या दारात सगळे उभे होते. साडूने अलगद ब्रेक दाबला. सासऱ्यांच्या हातातला पाण्याचा ग्लाससुद्धा हलला नाही. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला आणि म्हणाले, वा! अगदी माझ्या गाडीसारखी थांबते.
मला राहवलं नाही. पुढे वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ड्रम माझे आहेत.
सासरे दार उघडत म्हणाले, तुमचे नाहीत, माझे आहेत.