नळी, पट्टा, हँडल

२१ जानेवारी १९७४, सोम.
विहिरीवरचे इंजिन ११.२० ला सुरू. निम्मा दिवस गेला. पट्टा युसूफचाचांच्या घरून आणला, हँडल नामदेवकाकांच्या घरून. डिझेलची नळी आमच्याकडे, बाबांच्या उशाखाली. तिघांत एक इंजिन आणि त्याचे तुकडे गावाच्या तीन टोकांना. काम झाले की जो तो आपला तुकडा काढून घरी नेतो. दिवाळीत सामाईक टाकीतले डिझेल मोजताना कमी निघाले, तेव्हापासून हेच. शिसारी येते.

२३, बुध.
ना. काकांच्या मिरचीला पाणी द्यायची पाळी. बाबांनी नळी देऊन पाठवले. "तिथंच बसजो. नळीसंगच वापस येजो." दिवसभर बांधावर नळीची राखण. चाचाही पट्ट्यासाठी बसून. एका माणसाचे काम, तीन माणसे अडकलेली. चाचांचा कांदा निंदायचा राहिला, आमची तूर कापायची राहिली. काका म्हणाले, "दोन जवाई आल्यावानी बसले बाप्पा. चहा सांगू का?"
गेल्या हिवाळ्यात याच विहिरीवर तिघांचे मिळून नऊ एकर भिजले. यंदा पाच होईनात.

२५, शुक्र.
इंजिन थंड ठेवायला पाणी लागते म्हणून दिवाळीपासून रिकामी पडलेली ती डिझेलची टाकी सकाळी ९ ला पाण्याने भरून ठेवली. इंजिन बंदच, तरी १ वाजता चार बोटे कमी. टाकी कलंडवली. तळाच्या सांध्यातून पाझरते. खालची माती काळी, तेलकट. उकरून वास घेतला. डिझेल.
कोणी चोरले नव्हते.
दिवाळीत बाबा भर चौकात चाचांना म्हणाले होते, "तुह्याच वावरात टाकी. तुह्याबिगर कोन नेईन?" मी शेजारी होतो. मान हलवली होती.
गावच्या विहिरीला आजोबांना हात लावू देत नव्हते, तेव्हा आमच्या घागरी चाचांच्या वडिलांच्या विहिरीवर भरल्या. हीच ती विहीर. बाबाच सांगतात हे.
कोणाला बोललो नाही. 

२८, सोम.
आमचा गहू ओंबीवर. दुपारी पाने गुंडाळतात. पाणी आज-उद्या हवेच. ना. काका मालेगावला भाच्याच्या लग्नात, हँडल पिशवीत घालून! काकू म्हणाल्या, "लग्नात कायले लागते म्हनलं. तं म्हने, घरी तुह्यावर तरी काय भरोसा." हसत सांगितले. 

३०, बुध.
चाचांना सांगितले. कांद्यात वाकलेले होते. तीन वाक्ये पाठ करून गेलो, दुसऱ्यालाच अडखळलो.
"मालूम हाय बेटा. दिवाळीच्या दुसऱ्याच रोजी माती पाह्यली."
"मंग बोलले काहून नाही?"
"चोर म्हनून झालं होतं. चोराचं कोन आयकते?"
आता पट्टा इंजिनपाशीच ठेवाल का, विचारले. मान वर केली नाही.
"नाही. चौकात म्हनलं तुह्या बापानं. चौकात वापस घेऊ दे. मंग पाहू."
बाबा घेणार नाहीत. आणि बाबांपुढे माझे तोंड उघडत नाही. सगळ्यांत जास्त किळस त्याचीच.

१ फेब्रु., शुक्र.
बाबा तुरीकडे गेल्यावर नळी उशाखालून काढली. इंजिनच्या खोपीत खुंटीला टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. टाकी आडवी करून काळी माती उघडी ठेवली. बोलायची हिंमत नाही म्हणून हे. गव्हाचे खालचे चार वाफे पिवळे. गेले धरावे.

२, शनि.
सकाळी ७. नळी खुंटीलाच. पट्टा नाही. ना. काका पहिल्या गाडीने आले, हँडल काखेत.
"नळी उघड्यावर? चोरीले गेली तं?"
"रात्रभर होती काका. नाही गेली."
"अजून नाही गेली," म्हणाले.
घरी आलो तर बाबांनी उशी झाडली होती, गोधड्या उपसल्या होत्या. चपला घालत म्हणाले, "युसूफ्यानं नेली. चाल चौकात."
दारात आडवा उभा राहिलो. म्हणालो, नळी मी नेली. आधी टाकी पाहायला चला.
 बाबा चपला काढून रांजणापाशी गेले. तोंडावर पाणी मारत आहेत. टाकीकडे येतात की चौकात जातात, कळत नाही. मी दारातच आहे. उभ्याने लिहितो आहे.