पंधरा आकड्यांचं कुलूप

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दसरा. पहाटे पाणी सोडून आलो आणि पाण्याच्या पाइपावरच्या वॉलची चावी राखेनं घासली. चार फूट लोखंड, वर आडवा दांडा. बावीस वर्षं गावाचं पाणी हिनंच उघडतो, हिनंच बंद करतो. पाटावर ठेवून हळदकुंकू लावलं. तेवढ्यात जयानं पेटीतून तो फोन काढून चावीशेजारी ठेवला.
"हे बी हत्यारच हाये, बाबा. लावा कुंकू."
लावलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूला काय लावायचं.
फोन दि.नं पाठवलेला. पूर्ण नाव लिहायला अजून हात होत नाही. धाकटा भाऊ. अमेरिकेत गोदामात कामाला आहे. तीन वर्षांपूर्वी इकडे येणाऱ्या एकाच्या हाती पाठवला. ना खोका ना कागद, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला. इथलं एकही सिम त्यात चालेना. तिथल्या कंपनीचं कुलूप आहे, तिचंच सिम चालतं, असं कळलं. मी समजलो, वापरून झालेली वस्तू आमच्याकडे ढकलली. फोन करून बोलायचं नाही ते बोललो. तेव्हापासून बोलणं बंद.
जयाला अकोल्याला नर्सिंगला जागा मिळाली. दिवाळीनंतर वर्ग. हजेरी, पाठ, सूचना, सगळं फोनवरच येणार. तिचा फोन हौदात पडला तो गेलाच. नवा यंदा होत नाही. हा चालू होतो, काच शाबूत आहे. फक्त ते कुलूप.

४ ऑक्टोबर, शनिवार
तालुक्याला, मालेगावला रफिकभाईच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्यानं फोन उलटा-सुलटा केला, आपलं सिम घालून पाहिलं. नाही.
"दोन रस्ते हायेत, काशीभाऊ. एक, मी मशिनीवर तोडून देतो. पन अपडेट आला का पुन्हा बसते कुलूप. कदी कदी फोनच बसते."
"दुसरा?"
"दुसरा फुकटचा. कंपनीलेच मांगा. कायद्यानं खोलून देते ते. पन चोरीचा नसाव, हप्ते बाकी नसाव, आन् ज्याच्या नावावर घेतला त्यानं मांगाव. कोनाचा हाये?"
मी म्हणालो, तोडून टाक.
फोन त्याच्याकडे ठेवून स्टँडवर येऊन बसलो. गावाकडची, किन्हीराजाची गाडी लागली होती, बसलो नाही. मागल्या उन्हाळ्यात वरच्या वेटाळातल्या एकानं आपल्या आळीचं पाणी वाढवायला मला न विचारता वॉलला पान्हा लावून फिरवला होता. आटे गेले, चार दिवस कोणालाच पाणी नाही. मी त्याला ओट्यावर उभा करून म्हणालो होतो, माग ना रे, तोंड नाही का तुले? सगळे हसले होते.
परत गेलो. रफिकभाई चष्मा लावून फोन उघडायलाच बसला होता.
"राहू दे. कंपनीलेच मागतो."
"मले वाटलंच," म्हणाला. पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

७ ऑक्टोबर, मंगळवार
काल कोजागिरी झाली. आजपासून काकडा. चार वाजता उठून पाणी सोडलं, आंघोळ, मग देवळात. आवाज अजून बसलेलाच आहे.
काकडा झाल्यावर ग्रामपंचायतीत. तिथलं वायफाय वापरायचं म्हणून सरपंचबाईंना कालच विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "काशीभाऊ, सारं गाव न इचारता वापरते, तुमीच एक इचारून राह्यले."
जयानं फोनवर काही चिन्हं दाबली तर पंधरा आकडे उमटले. प्रत्येक फोनचे वेगळे असतात म्हणे. सबंध जगात हे पंधरा आकडे असेच ओळीनं दुसऱ्या कुठल्या फोनला नाहीत. मी वहीत उतरवून घेतले. दोनदा ताडून पाहिले. एवढ्या अफाट पसाऱ्यात ह्या काळ्या तुकड्याची कुठे तरी नोंद आहे, कोणीतरी त्याला ओळखतं. बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो.
जयानं कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. तिचं सिम माझ्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आहे, त्यावर येणारे ओटीपीचे आकडे तिला वाचून दाखवतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
कंपनीचं उत्तर. जयानं वाचून सांगितलं. फोन चोरीचा नाही. देणं बाकी नाही. उघडून देता येईल, पैसे लागत नाहीत. पण खातं ज्याच्या नावावर आहे, त्यानंच मागणी करावी.
जया माझ्याकडे बघत राहिली.
"काकाले मी सांगू का?" मग खाली मान घालून, "दिवाळीले मी मेसेज करतो दरसाल. तुमाले सांगतलं नायी."
म्हणालो, बघू.

१२ ऑक्टोबर, रविवार
काकड्यात लक्ष नाही. टाळ चुकला दोनदा.
काय बोललो होतो ते आज पुरं आठवलं. लिहून ठेवतो. "तुह्या टाकलेल्या वस्तू ठेवाले आमी काही भंगारवाले नोहो." ओट्यावर सात-आठ जण बसलेले. त्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं, म्हणून आवाज चढवला होता. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "बरं दादा."
जयाची आई म्हणते, पोरीच्या हातून कायले सांगता, मोठे तुमी हाये.
बरोबर आहे. पण.

१५ ऑक्टोबर, बुधवार
केला.
काकडा आटोपून सव्वापाचला पंचायतीच्या पायरीवर. तिकडे तेव्हा कालची संध्याकाळ असते. जयानं त्याच फोनवरून, वायफायवर, व्हिडिओ कॉल लावून दिला आणि स्वतः हापशीजवळ जाऊन उभी राहिली.
दि. दिसला. डोक्यावर केस नाहीत फारसे. गळ्यात कामावरचा पट्टा अजून होता, पुढ्यात डबा. मला पाहून घास तसाच हातात राहिला.
"दादा?"
"हो. तो फोन. कंपनी म्हणते तुह्या नावानं मागणी पाह्यजे."
"आता खोलून देईन कंपनी. हप्ते ऑगस्टमधी फिटले."
"कायचे हप्ते?"
"फोनचे. छत्तीस व्हते. ते फिटल्याबिगर कंपनी खोलत नायी."
तो सांगत गेला. म्हणजे पाठवला तेव्हा नवाच होता. खोका ठेवू नको, विमानतळावर विचारतात, असं आणणाऱ्यानं सांगितलं म्हणून स्वेटरात गुंडाळला. स्वतः जुनाच वापरत राहिला.
"मंग तवा काहून नायी सांगतलं?"
"तू बोलू देल्लं काय मले?" हसला. हसताना दातांची फट तीच. "आन् हप्त्यावर घेतला म्हनून काय सांगू. गावात सारे समजतेत, अमेरिकेत पैशाचं झाड हाये."
मग मी वहीतून आकडे वाचले. तो एकेक पुन्हा म्हणत लिहीत गेला. शाळेच्या ओसरीत त्याचे पाढे मी असेच घ्यायचो. मी पुढे, तो मागे. सतराच्या पाढ्यात हमखास अडायचा. आज पंधराही आकडे न अडखळता.
"झाले?" "झाले." "बरं." "बरं दादा."
बंद केला. म्हणायचं होतं ते राहिलंच. तोंडाशी आलं होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
वसुबारस. सकाळी पंचायतीत गेलो तर दि.नं कंपनीचं पत्र पुढे पाठवलेलं. काम झालं. आता कुठल्याही कंपनीचं सिम घाला, फोन चालेल.
जयानं तीनदा वाचलं. मीही वाचायला मागितलं. अक्षरं इंग्रजी, जेवढी कळली तेवढी.
हे उघडलं कसं? मी रोज वॉल उघडतो, पण चावी हातात असते, खाली वाकावं लागतं, दांड्याला जोर लावावा लागतो, तेव्हा कुठे दूरच्या घरात धार पडते. इथे कोणी वाकलं नाही. कोणी हात लावला नाही. फोन काल दिवसभर आमच्या कोनाड्यात गणपतीशेजारी पडून होता. सातासमुद्रापलीकडच्या कोणा अनोळखी माणसानं, माणसानंच असेल ना, ते पंधरा आकडे पाहिले, ज्यानं मागायचं त्यानं मागितलंय एवढं पाहिलं, आणि इथलं कुलूप निघालं. देवळात अभिषेकाची पावती फाडावी लागते. इथे तेही नाही. नुसतं मागितलं.
अंगावर काटा आला. खोटं नाही लिहीत.
घरी आलो. सिम ठेवायचं फोनमधलं इवलंसं ताट जयानं पिनेनं बाहेर ओढून ठेवलं होतं. सिम बसवणार तेवढ्यात तिची आई धावली. "थांब माय! पह्यले पूजा. आता आपला झाला तो." ह्या वेळी मी अडवलं नाही. हळद, कुंकू, भरपूर अक्षता. मीही दोन बोटं कुंकू लावलं. मग सिम.
'सिम नाही.'
काढलं, घातलं. माझं घातलं. 'सिम नाही.' ताट पुरतं आतही जाईना.
जयानं फोन कोनाड्यात परत ठेवून दिला.

त्याच दिवशी, तिन्हीसांजेला
मनात काय आलं ते लिहितो, नाहीतर ही वही कशाला. आलं असं की, दि.नं अर्ज केलाच नसेल. नुसतं पत्र बनवून पाठवलं असेल. म्हणजे छत्तीस हप्ते ऐकून जेमतेम दोन दिवस होतात, तोच पुन्हा तेच.

१८ ऑक्टोबर, शनिवार
धनतेरस. मालेगावात पाय ठेवायला जागा नाही. रफिकभाईनं गिऱ्हाईकं थांबवून फोन घेतला. ताट काढलं, डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. मग बारीक चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं.
तांदळाचा अर्धा दाणा. कुंकवानं लाल.
"काशीभाऊ, कंपनीनं कुलूप काढलं आन् तुमी घरचं लावलं!"
दुकानातले सगळे हसले. मीही. जयाला हसू आवरेना, "आईले सांगतो मी, आईले सांगतो!"
सिम घातलं. क्षणभर काहीच नाही. मग कोपऱ्यात एक काडी, दोन, तीन, चार. आपल्या इथल्या टॉवरची.
रफिकभाई म्हणाला, "पाहा. सबर करनाऱ्याले भेटते."
दाणा कागदात बांधून खिशात ठेवला. एवढासा दाणा. आणि त्याच्या जोरावर मी माझ्या भावाला खोटा ठरवून बसलो होतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
भाऊबीज. पहाटे काकड्यात आवाज लागला. कोणी म्हणालं, आज काय खाल्लं काशीनाथा.
जयानं सकाळी काकाला कॉल करून ओवाळलं, पडद्यासमोर ताम्हण फिरवून. तिची आई म्हणाली, काकाले भाऊबीज नसते माय, भावाले असते. जया म्हणाली, मले भाऊ नायी, मंग काकाच. दि. पलीकडे डोळे पुसत होता. मी दाराआड उभा होतो. पुढे झालो नाही. दि.नं विचारलंही, "दादा हाये का?" जया म्हणाली, पाणी सोडाले गेले.
पाणी तर मी कधीच सोडून आलो होतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार
परवा जया जाणार. फोन तिच्याबरोबर जाणार. मग दि. दिसायचा तर तिच्याच सुट्टीत, तिच्याच हातात. माझ्या बटणाच्या फोनला चेहरा नाही.
आज काकड्याला डोळे मिटून एकच मागितलं. काय ते लिहीत नाही. मागताना एवढं कळलं की हे देवानं द्यायचं नाही, मी म्हणायचं आहे. ज्याच्या नावावर, त्यानंच.

२७ ऑक्टोबर, सोमवार
सातची गाडी. वरच्या वेटाळाचं पाणी सोडून, चावी हातात घेऊनच फाट्यावर गेलो. जया, तिची आई, एक पेटी, एक पिशवी. गाडीला दहा मिनिटं होती.
जयाला म्हणालो, काकाले लाव.
"आता? इथं फाट्यावर?"
"लाव."
लागला. वायफाय नाही, पंचायत नाही, उघड्या रस्त्यावर, आपल्या इथल्या सिमवर. चेहरा थरथरत आला, मग स्थिर झाला. झोपायच्या तयारीत होता, अंगात बनियन.
"दादा? सारं बरं हाये ना?"
"बरं हाये. दिनू, ऐक. तो फोन आला तवा मी भंगार म्हणलो. चारचौघात म्हणलो, तुले लागाव म्हणून म्हणलो. चुकलं माह्यं."
जयाची आई दुसरीकडे पाहू लागली. फाट्यावरचा चहावाला हातातली किटली धरून उभा राहिला. तेव्हा ओट्यावर सात-आठ जण होते, इथे तिघं-चौघं. त्यांनी ऐकलं, बरं झालं.
दिनूचं लक्ष माझ्या हातातल्या दांड्याकडे गेलं. मग म्हणाला, "ते चावी अजून तीच हाये का रे, बाबाच्या येळची?"
मी चावी फोनसमोर धरली.
"दांडा बदलला एकदा. बाकी तीच."
"मले उचलत नव्हती ते."
"आता येईन उचलता."
त्यावर तो काही म्हणणार होता. ओठ हलले. तेवढ्यात गाडी आली, कंडक्टर ओरडला, फोन जयाच्या हाती गेला, पेटी वर, पिशवी मांडीवर. खिडकीतून तिनं हात हलवला. दुसऱ्या हातानं फोन कानाला धरला होता, ती ऐकत होती, मान हलवत होती. धूळ बसेपर्यंत उभा राहिलो.
काय म्हणाला ते जया पोचल्यावर सांगेल. किंवा नाही सांगणार.
माझं म्हणून झालं. चावी खांद्यावर घेतली आणि टाकीकडे निघालो. खालच्या वेटाळाचं पाणी सोडायचं होतं, आज उशीर झाला.