न्हाणीघराची हिरवी भिंत

माय, आज मी एक भिंत पुरी केली. तू हसशील, कारण माझ्या हातून पुरं झालेलं काम तू कधी पाहिलंच नाहीस, आणि तू गेलीस त्यालाही आता किती पावसाळे झाले. तिसरीत शाळा सोडली, सारंगखेड्याच्या बाजारात घोडे फिरवले, तेलाच्या घाण्यावर राहिलो, रंगाऱ्याच्या मागे डबे उचलले, कुठंच वर्ष काढलं नाही. त्या बाजारात एक पांढरी घोडी होती, गूळ दाखवला तरच पाय उचलायची, तिच्यासाठी मी... राहू दे, भिंतीचंच सांगतो.

सध्या वर तोरणमाळला आहे. मुंबईच्या एका शेटनं इथला गोऱ्या साहेबाचा जुना बंगला घेतलाय. त्याच्या न्हाणीघराच्या भिंती आपल्यासारख्या मातीच्या नाहीत. चुनखडीसारख्या पांढऱ्या पिठाचे तक्ते, दोन्ही अंगांना जाड पुठ्ठा, आणि वर साहेबानं डकवलेला फुलाफुलांचा कागद, वाफेनं काळा पडलेला. तो काढून हिरवा रंग द्यायचा. रखवालदार बाबा तळोद्याकडचे. त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं, काम जमलं तर शेट तुला डागडुजीला कायमचा ठेवतील, मागची खोली देतील. बिघडलं तर घाट उतरायचा. माय, त्या खोलीला खिडकी आहे. पहिल्यांदाच मला कुठं तरी राहावंसं वाटलं.

म्हणून तू करायचीस तसंच करायला गेलो. अखाजीच्या सणाआधी सारवायला घेतलेली भिंत तू पोटभर पाणी पाजून भिजवायचीस. मीही बादल्या ओतल्या. कागद सुटला, पण त्याच्याबरोबर पुठ्ठाही सोलून आला, आणि तक्ता भिजलेल्या भाकरीसारखा बोटाखाली दबायला लागला. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भितले आंगोय घाली का रे भो?" त्या आंघोळ घातलेल्या भिंतीकडं पाहून मी बोचकं बांधायला घेतलं. ते म्हणाले, घाट कुठं पळून जात नाही, चहा पिऊन जा.

चहा पिता पिता तू आठवलीस. ओसरीत तू पाठमोरी बसली आहेस, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हात शेणमातीत. मी नखानं भिंतीचे पोपडे उचकटतोय, एक झाला की दुसरा. तू मागं न वळता माझ्या हातावर चापट मारतेस. "सुटेल शे तेवढंच काढ. धरेल शे ते ऱ्हाऊ दे, त्यावरच नवं बसस."

मी बोचकं सोडलं. दारं-खिडक्या उघड्या टाकून भिंत खडखडीत वाळू दिली, आणि खरं सांगतो, हे वाट बघणंच सगळ्यात जड गेलं. मग सुटलेला कागद-पुठ्ठा सुरीनं कापला, चिकटलेल्याला हात लावला नाही, कडा खळीनं बसवल्या. वरून उकळलेलं जवसाचं तेल पाजलं. घाण्यावर राहिलो ते फुकट गेलं नाही बघ. खाचखळगे बुजवायला खडूची लांबी भरली, घासली, मग हिरवा तेलरंग. खालचा एक तक्ता वाचलाच नाही, तिथं सागाची फळी ठोकली. नीट पाहिलं तर कळते.

आज बाबांनी भरला तांब्या भिंतीवर ओतला. माझ्यानं बघवेना, मी पाठ करून उभा राहिलो. पाणी खाली फरशीवर पडल्याचा आवाज आला. बाबांनी भिंतीवरून तळवा फिरवला, फळीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "शेटले मी सांगसू. तू ऱ्हाय."

आता त्या खोलीत बसलोय. निघालेल्या फुलांच्या कागदाची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावरच हे लिहितोय. पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाहीच. घडी करून खिडकीच्या कोनाड्यात ठेवीन. फक्त एक गोष्ट आहे, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. तुझा चेहरा मला आठवत नाही, माय. पाठ तेवढी आठवते. लांबी भरताना सारखं वाटत होतं, आता वळशील.