आठ जॅकेटं

शनिवार, ता. ९
दुपारी

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद आधी घ्या, बाकीचं मग. तुम्ही मामांकडे आहात हे बसच्या कंडक्टरकडून कळलं. जेवायची आबाळ करू नका. मामांचा हात आखडता आहे, मागून घ्यावं लागतं. तुमचा स्वेटर इथेच राहिला होता, तो या पत्राबरोबर त्याच कंडक्टरजवळ देते आहे.

तलावावर गर्दी बरी आहे. पक्षी बघणारे उजाडायच्या आत मनोऱ्यावर चढून बसतात. परवा एकाने दुर्बीण आपल्या बदक-होडीवर रोखली आणि मला विचारलं, "बाई, ही जात इथलीच का?" मी म्हटलं, "इथलीच, पण पायडल मारल्याशिवाय हलत नाही." तुम्ही असतात तर दिवसभर हसायला पुरलं असतं.

मास्तरांची मुलगी दवाखान्यातून घरी आली. खोकला आहे अजून, पण खेळते म्हणे. मला तिचं नाव ठाऊक नाही. देवापुढे बसते तेव्हा 'मास्तरांची मुलगी' एवढंच म्हणते. देवाला कळत असेल.

लोकांचं काय लिहू? चहावाली येईल त्याला सांगते की होडीवाला फोनवर बोलत होता, म्हणून पोर पाण्यात पडली. मी म्हटलं, "तू पाहिलंस?" तर म्हणे, "सगळे म्हणतात." मुलगी पाणकोंबडी बघायला उभी राहिली आणि तोल गेला, हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुमच्या भावाने ऐकलं नाही. चारचौघांत धक्क्यावर तुमच्यावर हात उचलला, तुम्ही ओल्या कपड्यांनिशी उभे असताना. मी तिथेच होते.

तुम्ही एवढंच म्हणालात, "दादा, तिचं लाइफ जॅकेट जड झालं होतं. पोर वर येईना." आणि माझ्याकडे पाहिलंत.

मी म्हटलं, "जॅकेटांना काय धाड भरलीय? चांगली आहेत."

मग तुम्ही काही बोलला नाहीत. आजवर नाही.

भाऊजी, उन्हाळ्यापूर्वी मी ओसरीवर बसून ती आठ जुनी जॅकेटं उसवली होती. आतलं भरण भुगा झालं होतं. नवी घ्यायची तर केवढ्याला पडतात हे मला पाठ होतं, आणि माळ्यावर जुन्या गादीचा स्पंज पडून होता. कापला, भरला, दुहेरी टाका घातला. तुमचे भाऊ म्हणाले, "हिच्या हाती सुई द्या, फाटकं आभाळ शिवेल." त्या कौतुकाने मी चार दिवस फुगून होते. तुम्ही बाजूने जाताना म्हणालात, "वहिनी, यात गिऱ्हाईक बुडायचं नाही, झोपेल." आपण दोघंही हसलो होतो.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. धक्क्यावर माझं नाव घेणं तुम्हाला सोपं होतं.

जॅकेटाच्या आत एक कापडी चिठ्ठी शिवलेली असते. 'आतील भरण बदलू नये.' मुलांच्या मानेला टोचेल म्हणून मी ती कातरली. वाचून कातरली. मॅट्रिक झालेली बाई मी, वाचता येत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तरी मन मानेना. गुरुवारी हे धक्क्यावर गेल्यावर मोरीतल्या पिंपात एक जॅकेट टाकलं. तरंगलं. मला हायसं वाटलं, देवाला हात जोडायला गेले. परत येऊन पाहते तर ते पिंपाच्या तळाशी बसलं होतं. उचलवेना, भाऊजी. दोन हातांनी ओढलं तेव्हा वर आलं, आणि पायांवर पाणीच पाणी.

उद्या रविवार. सहली येणार. आज सकाळी मी खुंटीवरची ती आठही काढली आणि अंगणात कात्रीने उभी फाडली. हे धावत आले. "वेड लागलं का तुला? उद्या काय घालू लोकांना?" मग मी सगळं सांगितलं. हे ओट्यावर बसले. म्हणाले, "फाडलीस ते बरं केलंस. आता तोंडही शिव. धक्क्याचा परवाना गेला तर पाच माणसं काय खाणार? तो एकटा जीव आहे, कुठेही वल्हं मारेल."

तेव्हापासून यांनी माझ्याकडे पाहिलेलं नाही. जेवायलाही आले नाहीत.

मंगळवारी अकरा वाजता तलावाच्या ऑफिसात चौकशी आहे. तुम्हाला बोलावणं आलं असेल. मला कुणी बोलावलेलं नाही. तरी फाडलेली जॅकेटं पोत्यात भरून मी जाणार आहे. कात्री, सुई, स्पंज, चिठ्ठी, सगळं माझ्या तोंडाने सांगणार. परवान्याचं काय व्हायचं ते होईल. यांचं आणि माझं काय होईल, ते मात्र मला आज दिसत नाही.

एकच मागते. मी बोलत असताना मध्ये पडू नका. "वहिनींना काय कळतंय" असं काहीतरी बोलून सावरायला जाल, मी तुम्हाला ओळखून आहे. साहेबांनी विचारलं तर "त्या सांगतात ते खरं आहे" एवढंच म्हणा, आणि मान वर करून म्हणा.

घरी परत या असं लिहिणार होते. पण ते बोलायचा हक्क मंगळवारनंतर मिळाला तर मिळाला.

तुमच्या गप्प बसण्याच्या आड लपलेली,
वहिनी