दोघेही लिहून देणार

११ जाने. ९८, रवि.
हेमंतला बोलावून सांगून टाकलं. चंदनसारच्या, शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंशी लग्न करतोय, रजिस्टर. त्याची आई जाऊन नऊ वर्षं झाली, एकट्याला भाकरी गोड लागत नाही. म्हणाला, "लोकांचं सोडा बाबा. पण हे घर, ही नर्सरी?" मी विचारलं, साक्षीला येशील ना? "बघू," म्हणाला आणि चपला घातल्या. पोराचा उभ्याने म्हटलेला 'बघू' म्हणजे नाही. शाळेत असल्यापासून.

१४ जाने.
संक्रांत. बाई चंदनसारहून तिळगूळ घेऊन आल्या. तीन वर्षांपूर्वी गुलाब घ्यायला आल्या तेव्हा माझ्या पाटीवरचं 'सोणचाफा' त्यांनी खडूने दुरुस्त केलं होतं. मी मिठागरावरचा, पानी म्हणत वाढलेला. चार पैसे झाल्यावर शुद्ध दिसावं म्हणून जिथे तिथे ण घातला. त्या दिवशी हसलो ते आजवर.

१७ जाने., शनि.
हेमंत वसईच्या वकिलाकडून मसुदा घेऊन आला. बाईंनी लग्नाआधी लिहून द्यायचं, भुईगावच्या घरावर, नर्सरीवर कधीही हक्क सांगणार नाही. वकिलाला फोन केला. म्हणे, "असा कागद कोर्टात कितपत टिकेल सांगता येत नाही, तात्या. पण मुलं शांत होतात."

१८ जाने.
बाईंना मसुदा दिला. वाटलं, उठून जातील. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. सात चुका. मग वरच्या दोन ओळींवर बोट. लिहून देणार: त्या. लिहून घेणार: मी.
"मी देणार, तुम्ही घेणार. तात्या, तुम्ही काहीच देणार नाही?"
"तुमचा हक्क..."
"हक्क नकोच आहे मला. माझा फ्लॅट आहे, पेन्शन येईल. पण चोर समजून आत घेणार असाल तर उंबरा नको."
रिक्षापर्यंत सोडलं. तिळगुळाचा डबा परत न्यायला विसरल्या. की मुद्दाम ठेवला?

२० जाने.
दिवसभर सोनचाफ्याची कलमं बांधली. खुंटालाही चिरायचं, काडीलाही. एकालाच चिरलं तर कलम धरत नाही. वकिलाच्या कागदातही कलमंच की. हात धुतले न धुतले, वकिलाला फोन लावला. म्हटलं, दोघेही लिहून देणार.

२४ जाने., शनि.
नवा मसुदा. बाई घर-नर्सरी मागणार नाहीत. मी आणि माझी मुलं त्यांच्या फ्लॅटकडे बघणार नाही. माझ्यामागे बाई जिवंत असेपर्यंत याच घरात राहतील, कोणी बाहेर काढणार नाही. आणि लिहून घेणार: हेमंत.

२६ जाने.
सुट्टी, म्हणून दोघांनाही बोलावलं. हेमंतने वाचलं. "माझं नाव कशाला इथे?"
"घ्यायची घाई तुला होती."
ओट्यावर शेजारचा इनास बसलेला, त्याने विडी विझवली. हेमंत लाल झाला. बाई हळूच म्हणाल्या, "अरे, 'हयात' बरोबर लिहिलंय का बघ." पोराने खरंच बघितलं. मग स्वतःच्या नावावर काट मारली. "इथे पण तुम्हीच दोघं लिहा," एवढंच.
जिंकलो. मिठागर सोडलं त्या दिवसानंतर असा नव्हतो जिंकलो.

२ फेब्रु., सोम.
सह्या झाल्या. बाईंची सही मोत्यासारखी, माझी खेकड्यासारखी. लग्नाची नोटीसही दिली. महिन्याने तारीख. साक्षीदार तीन लागतात. इनास एक, बाईंची बहीण दोन.

८ फेब्रु., रवि.
हेमंत आला. डबा ओट्यावरच होता, त्यातली शेवटची वडी खाल्ली. म्हणाला, "बाईंचा डबा ना? परत द्यायला नको?" म्हटलं, त्याच येतील न्यायला. की राहायला. मग मीच तिसऱ्या साक्षीदाराचं काढलं.
"बघू," म्हणाला.
बसून म्हणाला. चपला दारातच.