सुखी देशाचा जावई

मयूर विहार, दिल्ली
मार्गशीर्ष, कडाक्याची थंडी

तीर्थरूप अण्णासाहेबांच्या चरणी धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे श्यामकांताचा, शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही उभयता खोकत खोकत का होईना, पण खुशाल आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? सुमित्रावहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का, की अजून त्या डॉक्टरलाच टाळताहेत? साताऱ्यात थंडी असेल, पण निदान ती दिसत तरी नसेल. आमच्याकडे हल्ली हवा दिसते आणि समोरची बिल्डिंग दिसत नाही.

दिवाळीत तुम्ही फोनवर विचारलंत की आमच्या मीनाक्षीचा डॅनिश नवरा जवळून पाहिल्यावर कसा वाटला. मी "छान आहे" म्हणालो, कारण तो समोर बसून चकली खात होता (आणि मीनूने त्याला तेवढं मराठी शिकवलं आहे). आता तो गेला आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. अण्णासाहेब, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. जगातले सुखी देश कोणते याची यादी दरवर्षी पेपरात येते आणि ही मंडळी कायम वरच्या पंगतीला. म्हणून पहिल्याच दिवशी मी रासमुसला, म्हणजे या जावयाला, विचारलं की बाबा, तुमच्या सुखाचं रहस्य काय. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, आम्ही फारशी अपेक्षाच ठेवत नाही. घ्या! अहो, मी केंद्र सरकारात उभी हयात काढली, अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालो, कधी कसलीही अपेक्षा ठेवली नाही. मला कोणी कुठल्या यादीत घातलं?

पण मूळ भांडण तारखेवरून आहे. मीनूला सातवा लागणार होता, तेव्हा त्याआधी दिवाळीला या म्हणून आम्ही कळवलं. यावर जावयाचं उत्तर काय, तर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आलेलं तुम्हाला सोयीचं पडेल? लेकीने माहेरी यायला तारीख? मी लिहिलं, घर तुमचंच आहे. त्याने लिहिलं, आभारी आहे, पण तारीख? नंतर कळलं की तिकडे सगळ्यांचं असंच चालतं. याचा सख्खा भाऊ त्याच गावात राहतो. त्याला जेवायला बोलवायचं तर दोघे भाऊ महिनाभर आधी कॅलेंडर उघडून बसतात. मग ठरल्या मिनिटाला भाऊ दारात हजर, जेवून झाल्यावर जेवणाबद्दल थँक्यू आणि पुन्हा भेटल्यावर मागच्या भेटीबद्दल थँक्यू. (इथेही तो सासूला, म्हणजे नीलाला, प्रत्येक जेवणानंतर थँक्यू म्हणायचा. तिला पहिले दोन दिवस वाटलं, आमटी बिघडली आहे.)

मग मी त्याला तुमचा दाखला दिला. म्हटलं, आमचे अण्णासाहेब दर संक्रांतीला साताऱ्याहून डझनभर माणसं घेऊन पानिपताला जायला निघतात, पहाटे निजामुद्दीनला उतरतात आणि थेट आमच्या दारात. फोन नाही, पत्र नाही. बेलवर बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत काढायचं नाही, ही त्यांची पद्धत. नीला उठते ती पोह्यांचं पातेलं चढवूनच. मंडळी तिथल्या स्मारकाला, काला अंबला, जातात, लढाईतल्या वीरांना हार घालतात आणि रात्री माझ्या हॉलमध्ये गाद्या टाकून ती लढाई कशी जिंकता आली असती यावर कडाकडा भांडतात. रासमुस घास हातात धरून ऐकत होता. त्याने विचारलं, हरलेल्या लढाईसाठी दरवर्षी जातात? मी जरा घुश्शातच हो म्हटलं. तर म्हणाला, आमचा देशही एका लढाईत असाच हरला आणि आमची माणसंही दरवर्षी तिथे जातात. (तेवढ्यापुरता मला तो आपला वाटला, खोटं कशाला सांगू.) पण लगेच पुढे, "हे मला समजलं. न कळवता कशाला, ते नाही समजलं."

रोज संध्याकाळी त्यांचा आणखी एक सोहळा. घरातले सगळे दिवे घालवायचे, चार मेणबत्त्या लावायच्या आणि पायांवर शाल घेऊन गप्प बसायचं. हे म्हणे सुख. अण्णासाहेब, वीज जाऊ नये म्हणून या दिल्लीत आम्ही काय काय केलं, इन्व्हर्टर घेतला, सोसायटीत जनरेटरसाठी भांडलो, आणि आता वीज असताना अंधारात बसायचं? खालच्या मजल्यावरच्या मिसेस भाटिया दोनदा टॉर्च घेऊन वर आल्या, भाईसाब, फ्यूज उड गया क्या म्हणत. मी काय सांगू, की नाही, आम्ही सुखी आहोत?

याहून मोठा घोळ मायाचा. माया म्हणजे आमची नात, दोन वर्षांची होत होती. एक दिवस जेवण झाल्यावर रासमुसने तिला बाबागाडीत घातलं, खाली लॉनवर नेऊन ठेवलं आणि वर येऊन कॉफी पीत बसला. तिकडे बर्फातसुद्धा पोरांना बाहेर एकटं झोपवतात, त्याने छाती मजबूत होते म्हणे. (आमच्याकडच्या नोव्हेंबरच्या हवेने छातीचं काय होतं, ते मी त्याला खोकून दाखवलं.) थोड्या वेळात वॉचमनचा इंटरकॉम, साहब, बच्चा नीचे भूल गये हो. रासमुस हसत खाली गेला. पाहतो तर गाडी रिकामी. माणूस खडूसारखा पांढरा पडला, म्हणजे होता त्याहून पांढरा. नीला मात्र शांत. म्हणाली, भाटियांकडे असेल, नाहीतर त्यांच्या शेजारी. आणि होतीच, मिसेस भाटियांच्या मांडीवर, कपाळाला तीट लावून, तोंडभर शिरा. मग रासमुस मला म्हणाला, यांना विचारा, न विचारता मूल उचललं कसं. मिसेस भाटिया म्हणाल्या, इनसे पूछो, बच्चा अकेला छोडा कैसे. मधे दुभाषा मी. दोन्हीकडची बोलणी मीच खाल्ली.

तोच मायाचा वाढदिवस आला. वाढदिवसाला त्यांच्याकडे झेंडे लावतात, त्यांच्या देशाचे, लाल रंगावर पांढरी फुली. रासमुसने कागदाच्या झेंड्यांच्या माळा बरोबरच आणल्या होत्या. सकाळी उठून त्याने त्या सोसायटीच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत लावल्या. झालं. दहाच्या सुमाराला जिन्यात रांग. कोणाच्या हातात बीपीचे रिपोर्ट, कोणाच्या एक्स-रे, वॉचमन गुडघा धरून. लाल-पांढरी फुली म्हणजे दवाखाना, तेव्हा सगळ्यांना वाटलं, श्यामकांतजींच्या गोऱ्या जावयाने मोफत आरोग्य शिबिर लावलंय. आणि रासमुसला वाटलं, सगळे वाढदिवसालाच आले. त्याने एकेकाचा हात हातात घेऊन स्वागत केलं (लोकांना वाटलं, नाडी बघतोय) आणि केक दिला. दुसऱ्या मजल्यावरचे डायबेटिसवाले गुप्ताजी खुद्द डॉक्टरसाहेब देताहेत म्हणून दोन तुकडे खाऊन गेले. मी घसा फोडून खुलासा करत होतो, पण ऐकतो कोण. एकही माणूस लवकर गेला नाही. बिल्डिंगभर लोक झेंडे हातात घेऊन गप्पा मारत होते. शेवटी रासमुसने मला विचारलं, एवढ्यांना बोलावलं कधी? म्हटलं, कोणालाच बोलावलं नाही, ते आले. मीनू पोट धरून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते थांबेचना. नीला म्हणाली, या दिवसांत होतं असं.

त्याच संध्याकाळी मी मुद्द्याला हात घातला. मायाच्या वेळी टाळेबंदी होती, विमानं बंद, आम्ही फोनच्या काचेतून नात पाहिली. म्हटलं, हे बाळंतपण माहेरी होईल, बिल्कुल इथेच. रासमुस सभ्यपणे म्हणाला, सगळं तिकडे ठरलंय. सरकारी नर्स घरी येते. बापाला कित्येक आठवड्यांची रजा मिळते. बाळाची अंघोळ तो घालणार, स्वयंपाक तो करणार. नीलाने विचारलं, मग शेकशेगडी कोण करणार? त्याने शेकशेगडी म्हणजे काय ते समजून घेतलं आणि बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे हे ऐकून पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. मग त्याच्याकडून कळलं की दुसऱ्या खेपेला सगळं ठीक असेल तर बाळंतीण चार-सहा तासांत घरी. दवाखाना चहा-टोस्ट देतो, वर एक छोटा झेंडा खोवून. नीलाने मलाच विचारलं, पोटच्या पोरीला चार तासांत टोस्ट आणि झेंडा?

एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण तो म्हणाला, तुम्ही जरूर या, पाहुणे म्हणून, फक्त तारीख सांगा. अण्णासाहेब, मुलीच्या बाळंतपणाला आई-बाप पाहुणे? मला इतकं लागलं की मी ऑफिसातल्यासारखा शेरा मारला, हे प्रकरण इथे बंद समजावं. त्यांना एअरपोर्टवर पोहोचवायला गेलो तेव्हाही फक्त मायाशी बोललो. ज्या देशात आजी-आजोबांना तारीख लागते, त्या देशात मी पाऊल टाकणार नाही. सुखी माणसांनी आपल्या सुखात राहावं, आम्ही आमच्या खोकल्यात बरे आहोत. सुमित्रावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो तारखेवाचून राहावा.

तुमचा,
श्यामकांत

ता. क. एक अवघड गोष्ट लिहितो, रागावू नका. यंदा संक्रांतीला मंडळी घेऊन येणार असाल तर कृपा करून आधी कळवा. वर मी काय काय लिहिलं आहे ते मला माहीत आहे.

ता. क. २. नीलाने वाचलं. ती म्हणते, एवढंच लिहिलंत तर ते पुन्हा पायरी चढणार नाहीत, कारण सांगा. तर कारण असं की घराला कुलूप असेल. किल्ली मिसेस भाटियांकडे आहे, गाद्या दिवाणात आहेत आणि डझनभर माणसांना पोहे किती भिजवायचे ते नीलाने त्यांना शिकवलं आहे. तुम्ही न कळवता आलात तरी त्या दार उघडतील, पण कांदे आणून ठेवायला बऱ्या पडतील, म्हणून कळवा म्हटलं. मागच्या आठवड्यात मीनूचा फोन आला होता. सगळं छान आहे म्हणाली, नर्स छान, रासमुस छान, घर छान. मग म्हणाली, "बाबा, इथे बेल वाजली की पार्सलच असतं." मी तारखेचा विषय काढला नाही. तिनेही काढला नाही. फोन ठेवल्यावर नीला बॅग काढायला माळ्याखाली स्टूल लावून उभी राहिली.

ता. क. ३. आता मुख्य काम. आम्ही संक्रांतीच्या आधीच तिकडे पोहोचतो आहोत आणि मीनूला याचा पत्ता नाही. रासमुसला आहे, कारण व्हिसाला त्याचं निमंत्रण लागलं. (तारीख मागितली. मी दिली.) तो म्हणाला, आमच्या घरी असं कधी कोणी आलेलं नाही, पण तिला मी सांगणार नाही. त्याची मला काळजी नाही. काळजी तुमची आहे. तुमचा दर रविवारी तिला फोन जातो आणि तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा हात जोडून विनंती, पुढचे काही रविवार गुडघ्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलू नका. डिंक आणि अळीव मात्र लगेच पाठवा. बेल मी तुमच्याच पद्धतीने वाजवणार आहे. ती दार उघडेपर्यंत बोट काढणार नाही.