सहभागी क्रमांक एक

३ जुलै
आले एकदाची! संशोधन विभागात मला स्वतंत्र खोली मिळाली. टेबल, कपाट आणि शेजारच्या छोट्या खोलीत बघायला एक काच. तिकडून तो नुसता आरसा, इकडून सगळं दिसतं. पदव्युत्तर प्रकल्प यंदा पूर्ण स्वतंत्र, मार्गदर्शक बाई फक्त सह्या करणार. विषयही माझाच: एकटा ठेवलेला माणूस किती वेळात स्वतःशी बोलायला लागतो. फोनवर दादा म्हणाला, त्याला संशोधन कशाला, तू जन्मल्यापासून बोलतेच आहेस.

९ जुलै
आराखडा तिसऱ्यांदा परत आला. बाईंच्या मते उद्दिष्टं ढोबळ आणि वेळापत्रक म्हणजे मनोरथ. सहभागी मिळेनात, तो ताप वेगळाच. संमतीपत्रात मी ‘सहभागी कधीही माघार घेऊ शकतो’ असं कलम घातलं होतं. बाई म्हणाल्या, मग लोक अर्ध्यात उठून जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. मी कलम खोडलं. आराखडा लगेच मंजूर झाला. खोडताना लाज वाटली नाही, हे खरं आहे म्हणून लिहिते.

१२ जुलै
इथली रीत अशी की प्रयोग आधी स्वतःवर करून बघायचा. म्हणून संमतीपत्रावर पहिली सही माझीच, सहभागी क्रमांक एक. अर्धा तास आत बसले. कंटाळा आला, बाकी काही नाही. बाहेर आले तर टेबलावर निरीक्षणाचा तक्ता भरलेला. कितव्या मिनिटाला मी नाक खाजवलं तेसुद्धा त्यात. अक्षर माझं. बाईंना दाखवला, तर म्हणाल्या, छान बारकाईने लिहिलंयस.

१६ जुलै
शिपाईमामांनी आज नावाने हाक मारली नाही. म्हणाले, एक नंबर, तुमची वेळ झाली. थट्टा समजून ही वही-पेन घेऊनच आत गेले. दार बाहेरून लागलं. पलीकडे दिवा लागला की आरशातून आरपार दिसतं. टेबलाशी मी बसले होते, भराभर लिहीत. इकडे माझे हात मांडीवर होते.

१७ जुलै
ओरडले. काचेपलीकडच्या तिने घड्याळ बघून नोंद केली. बाई आल्या. मी सांगितलं, संशोधक मी आहे. त्यांनी दाराच्या फटीतून संमतीपत्र सरकवलं आणि माघारीचं कलम शोधून दाखव म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

२० जुलै
आज स्वतःशी बोलले. चार दिवस लागले. घ्या उत्तर.
आत दुसरं कोणी असतं, तर मीही अशीच पेन घेऊन बसले असते. ती माझ्याहून वाईट नाही. हेच तर —

२३ जुलै
माझा फोन तिच्याकडे आहे. दादाशी बोलत होती. आवाज माझा, हसणंही. माणसं मिळत नाहीत रे, फक्त अर्धा तास बसायचंय, म्हणाली. तो येईल. माझं काम म्हटल्यावर तो नाही म्हणणार —

२४ जुलै
आला. तिला टपली मारली त्याने. मी दोन्ही मुठींनी काच — तो वळतच नाही. तिने कागद पुढे केला. दादा, वाच आधी. तू कधी काही वाचत नाहीस रे — पेन मागतोय — दादा, ती मी नाही, मी इकडे आहे, दा—